दादासाठी जुन्या गेमचं हँडहेल्ड: जून ते ऑगस्ट २०२५ च्या नोंदी

१४ जून, शनिवार

राखीला, म्हणजे ९ ऑगस्टला सांगलीला जाईन तेव्हा दादाच्या हातात जुने गेम चालणारं एक हँडहेल्ड, म्हणजे हातात धरून खेळायचं छोटं मशीन, ठेवायचं असं ठरवलंय. यंदा त्याला चाळीस पूर्ण होतात. १९९६ च्या दिवाळीत बाबांच्या बोनसमधून घरी टीव्ही गेम आला होता, लाल-पांढरा डबा, दोन रिमोट आणि एक पिवळी कॅसेट, आणि पुढची तीन-चार वर्षं सुट्टी म्हणजे तेच. पहिला रिमोट कायम दादाकडे, दुसरा माझ्याकडे.

नोंदी लिहून ठेवतेय कारण घरच्या कुणासाठी तरी हेच करणारे बरेच असतात, आणि सगळे त्याच खड्ड्यात पडतात.

गेले तीन दिवस मी व्हिडिओ बघण्यात घालवले, कुठल्या मशीनवर प्लेस्टेशन २ चालतं, कुठल्यावर गेमक्यूब चालतं वगैरे. सगळे वाया. आज दादाला फोन करून गप्पांच्या ओघात विचारलं की तुला कुठले गेम आठवतात रे, तर त्याने एका दमात यादी सांगितली. मारिओ, कॉन्ट्रा, टँक, सर्कस, रोड फायटर. मग स्टँडजवळच्या गेम पार्लरमधला मुस्तफा आणि केओएफ ९७ (किंग ऑफ फायटर्स). मग कॉलेजच्या वेळचा टेक्केन ३. संपलं. यातला सगळ्यात नवीन गेम १९९८ चा आहे. म्हणजे ८-बिट (आमच्या टीव्ही गेमसारखे), आर्केड (पार्लरमधले) आणि पहिलं प्लेस्टेशन एवढं नीट चाललं की झालं, पुढच्या ताकदीसाठी पैसे घालायची गरज नाही. ही यादी मी आधी केली असती तर तीन संध्याकाळी वाचल्या असत्या.

बजेट ८,००० रुपये.

२१ जून, शनिवार

आर३६एस मागवलं, ३,१५० रुपये. साडेतीन इंची ६४० बाय ४८० चा स्क्रीन, आरके३३२६ चिप, मेमरी कार्डाला दोन खाचा, माझ्या यादीला पुरेसं. ऑनलाइन घेतलं, विक्रेत्याचं नाव देत नाही.

आलं तेव्हा बॅटरी शून्य. माझ्या फोनच्या चार्जरला लावलं, दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल, तर लाइटच लागेना. दोन संध्याकाळी मी ते मेलेलं आहे असं धरून बसले होते, परत करायचा फॉर्मसुद्धा भरला. मग जुन्या फोनचा साधा चार्जर सापडला, एका बाजूला चपटा यूएसबी आणि दुसऱ्या बाजूला टाइप-सी, तो लावला आणि लगेच लाल दिवा. अशा स्वस्त मशीनमध्ये चार्जरला 'मला करंट दे' असं सांगणारे दोन छोटे रेझिस्टर बसवलेलेच नसतात, म्हणून सी-टू-सी केबलवर चार्जर करंट सोडतच नाही. पुण्यातल्या तपकीर गल्लीतून एक चांगली केबल आणली, १२० रुपये.

२२ जून, रविवार

आजची चूक या सगळ्या कामातली सगळ्यात महागडी, म्हणून सविस्तर लिहिते.

सोबत आलेलं मेमरी कार्ड बिनकंपनीचं होतं, ती कार्डं लवकर मरतात हे माहीत होतं, म्हणून नवीन कार्डावर आर्कओएस (अशा मशीनला चालवणारं सॉफ्टवेअर) टाकायचं ठरवलं. इथपर्यंत बरोबर. पण हाताशी दुसरं कार्ड नव्हतं आणि रविवारी बाहेर पडायचा कंटाळा, म्हणून मी तेच मूळ कार्ड पुसून त्यावर आर्कओएस लिहिलं. बॅकअप न घेता.

चालू केलं तर स्क्रीनला मागून उजेड येतोय, स्पीकरमधून मेनूचा टिक टिक आवाज येतोय, चित्र मात्र नाही. काळोख.

कारण असं की आर३६एस एकाच नावाने विकलं जात असलं तरी आत स्क्रीनचे पॅनल वेगवेगळे येतात. कुठलं पॅनल आहे आणि त्याला कसं चालवायचं हे कार्डावरच्या बूट पार्टिशनमधली (मशीन चालू होताना वाचतं तो भाग) एक डीटीबी फाईल सांगते. ती फाईल माझ्या मशीनची होती, मी ती पुसली. आर्कओएसबरोबर वेगवेगळ्या पॅनलच्या फाईली मिळतात त्या एकेक करून टाकल्या, दर वेळी कार्ड काढा, लॅपटॉपला लावा, फाईल बदला, परत घाला, चालू करा. रात्री दीडपर्यंत. एकही लागली नाही, म्हणजे माझं मशीन मूळ आर३६एस नसून त्याची नक्कल निघाली.

विक्रेता म्हणाला तुम्ही सॉफ्टवेअर बदललंत, आता परत घेता येणार नाही. त्या मुद्द्यावर त्याचं बरोबर होतं, नक्कल विकली त्या मुद्द्यावर नव्हतं, पण भांडून काही हाती लागलं नाही.

तर, कुठलंही मशीन हातात आल्यावर पहिलं काम: मूळ कार्ड काढायचं, लॅपटॉपवर त्याची अख्खी इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, करून ठेवायची, आणि मग ते कार्ड पाकिटात घालून कपाटात. चालू करून बघायच्याही आधी.

३ जुलै, गुरुवार

ऑफिसमधल्या एकाने त्याच विक्रेत्याकडून मुलासाठी तेच मशीन घेतलंय असं जेवताना कळलं. त्याचं कार्ड जेवणाच्या सुट्टीत दहा मिनिटं मागून घेतलं, इमेज केली, घरी येऊन लिहिली, स्क्रीन लागला. अकरा दिवस गेले.

६ जुलै, रविवार (आषाढी)

सांगलीला आले होते तर मशीन बरोबर आणलं. खरं तर दादाला आधी दाखवायचं नव्हतं, पण तीन हजार गेलेच आहेत तर निदान त्यावर चाचणी तरी होऊ दे म्हटलं. त्याला सांगितलं की भाच्यासाठी आणलंय, जरा बघ चालतं का.

खिचडी खाऊन झाल्यावर पडवीत बसला आणि मारिओ लावला. मी गेमकडे बघतच नव्हते, त्याच्या हाताकडे बघत होते. दादा मोटर वाइंडिंगचं काम करतो, पंजा रुंद आणि अंगठ्याचं टोक जाड. हे मशीन उभं, गेमबॉयसारखं. त्याचे दोन्ही तळवे खाली एकमेकांना टेकत होते आणि अंगठा बटणावर वाकडा येत होता. पाच मिनिटांत त्याने मशीन मांडीवर ठेवून बोटं मोडली.

दुसरी गोष्ट, त्याने चाळीशी शोधली. मला डोक्यातच आलं नव्हतं. चष्मा न लावता तो मशीन इतकं लांब धरत होता की कोपर सरळ झालं होतं, आणि वरच्या ओळीतले वेळेचे आकडे काही वाचता येत नव्हते.

तिसरी गोष्ट त्याने स्वतःहून सांगितली. "काय गं, ह्यो मारिओ लै पळतोय की. आपला असा नव्हता."

मी म्हटलं, वय झालं तुझं. तो म्हणाला, वयाचं काय, गाणं पण घाईत वाजतंय. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. लिहून ठेवलं.

१२ जुलै, शनिवार

परत निवड, या वेळी हाताच्या आणि डोळ्याच्या हिशोबाने. आडवं मशीन पाहिजे, स्क्रीन मोठा पाहिजे, आणि टीव्हीला जोडता आलं तर आम्ही दोघं खेळू शकू.

स्क्रीनचे इंच तिरके मोजतात, त्यावरून डोळ्याला काय दिसेल ते कळत नाही, म्हणून घरातल्या एका लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचे तीन तुकडे कापले. २.८ इंची म्हणजे ५७ बाय ४३ मिलिमीटर, साडेतीन इंची म्हणजे ७१ बाय ५३, चार इंची म्हणजे ८१ बाय ६१. प्रत्येकावर त्याच मापात मारिओचं चित्र छापून चिकटवलं, कुरिअरने सांगलीला पाठवले आणि वहिनीला सांगितलं की दादाच्या समोर धर, चष्म्याशिवाय वरचे आकडे वाचायला लाव आणि मला फक्त हो-नाही सांग. वहिनीने टेपने अंतरसुद्धा मोजलं. २.८ ला साफ नाही. साडेतीनला हात लांब केल्यावर कसंबसं. चारला हो. साडेतीन आणि चार ऐकायला जवळ वाटतात पण क्षेत्रफळात तीस टक्के फरक पडतो.

यामुळे यादी आपोआप गळाली. मियू मिनी प्लस मला स्वतःला फार आवडतं, त्याचं ओनियन ओएस इतकं सोपं आहे की आईसुद्धा चालवेल, पण ते उभं, साडेतीन इंची आणि टीव्हीला जोडता येत नाही. रेट्रॉइडची मशीनं ताकदवान, पण बजेटच्या बाहेर आणि वर अँड्रॉइड, दादाला गेमच्या आधी अपडेट आणि नोटिफिकेशन बघावी लागतील. ॲनबर्निकचं आरजी३५एक्सएक्स एच आडवं आहे, टीव्हीला जोडतं, पण साडेतीन इंची. त्याचंच मोठं भावंड आरजी४०एक्सएक्स एच, चार इंची, तोच ६४० बाय ४८० स्क्रीन, तीच एच७०० चिप, १ जीबी रॅम, टीव्हीसाठी मिनी एचडीएमआय. हेच. ७,६०० रुपये.

चिप तीच आणि पिक्सेलही तेवढेच असताना जास्त पैसे का, असं ऑफिसातल्या त्याच मित्राने विचारलं. जास्त पैसे दादाच्या चष्म्याचे आहेत.

१९ जुलै, शनिवार

मशीन आलं. आधी इमेज घेतली. मग चालू केलं.

गेमसाठी १२८ जीबीचं कार्ड ४८० रुपयांना मिळालं होतं, त्यावर गेम भरले, चालले. मग अर्धे गेम यादीत दिसतायत पण उघडत नाहीत. मला वाटलं फाईली खराब, परत भरल्या, परत तेच. चार तास गेल्यावर कार्डच तपासलं. एच२टेस्टडब्ल्यू नावाचं छोटं प्रोग्राम आहे, ते पूर्ण कार्ड लिहून परत वाचून बघतं. ३१ जीबीच्या पुढे सगळं कचरा. वर १२८ छापलेलं, आत ३२ चं कार्ड, आणि कंट्रोलरला खोटं बोलायला शिकवलेलं.

दुकानातून बिलासकट ६४ जीबी घेतलं, ६२० रुपये. या यादीला ६४ सुद्धा भरपूर आहे. ८-बिटचे गेम फार तर काहीशे केबीचे असतात, पिवळ्या कॅसेटमधले सगळे मिळून एका फोटोएवढी जागा घेत नाहीत. जागा खातं ते प्लेस्टेशन, एक सीडी साडेसहाशे-सातशे एमबीपर्यंत जाते.

गेम कुठून आणले ते लिहिणार नाही, त्यांचे हक्क अजून कंपन्यांकडे आहेत. टेक्केनची आमची सीडी होती ती लॅपटॉपवर वाचून घेतली. बिन आणि क्यू अशा दोन फाईली होतात, क्यूच्या आत बिनचं नाव लिहिलेलं असतं, बिनचं नाव बदललंत तर क्यूमध्येही बदला.

२६ जुलै, शनिवार

मुस्तफा चालेना.

आपण सगळे मुस्तफा म्हणतो तो कॅपकॉमचा १९९३ चा कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स. आर्केडच्या गेमचं असं आहे की झिप फाईल उघडायची नाही, आणि तिचं नावही बदलायचं नाही, एम्युलेटर (जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम) नावावरूनच गेम ओळखतो. मी काय केलं होतं, दादाला सापडायला सोपं म्हणून फाईलचं नाव बदलून मुस्तफा केलं होतं. नाव परत 'डिनो' केलं. तरी चालेना. मग कळलं की माझी फाईल मेम नावाच्या एम्युलेटरच्या जुन्या आवृत्तीची, आणि मी ती एफबीनिओ या दुसऱ्या एम्युलेटरवर चालवत होते, त्याला आजच्या आवृत्तीची फाईल लागते. कोअर, म्हणजे मशीनवर गेम चालवणारा एम्युलेटर, बदलून मेम २००३ प्लस केला, चालला. फाईल आणि कोअर यांची पिढी जुळली पाहिजे, एवढंच.

यादीत दिसणारं नाव मात्र वेगळं बदलता येतं, फाईलला हात न लावता. तिथे मुस्तफा लिहिलं.

केओएफ ९७ ला त्याच फोल्डरमध्ये निओजिओ या मूळ आर्केड मशीनची बायोस झिप (त्या मशीनचा चालू होण्याचा प्रोग्राम) ठेवावी लागते, ती नसली की गेम उघडून लगेच बंद. ती ठेवली, चालला. सिलेक्ट बटण दाबलं की नाणं पडतं. पार्लरमध्ये एक रुपया लागायचा, इथे दहा वेळा दाबलं तरी फुकट, मी उगाच दहा वेळा दाबलं.

२ ऑगस्ट, शनिवार

दादाची तक्रार राहिली होती, मारिओ पळतोय. सहा जुलैपासून डोक्यात होती.

आधी वाटलं त्याला भास होतोय, तीस वर्षं झाली. मग विचार केला की आपला टीव्ही पाल पद्धतीचा होता, सेकंदाला ५० चित्रं. आणि मी जे गेम घेतलेत ते अमेरिका-जपानच्या टीव्हीसाठीचे, सेकंदाला ६०. या गेममध्ये सगळी हालचाल चित्रांच्या हिशोबाने चालते, म्हणजे ५० च्या टीव्हीवर सगळंच सहाव्या हिश्शाने हळू. दादा बरोबर होता!

८-बिटच्या एफसीईयूएमएम कोअरमध्ये रीजन बदलता येतो. पाल केलं. वेग उतरला, पण गाणं बसकं झालं, पेटीवर एक पट्टी खाली वाजवल्यासारखं. हे तर मलाही खटकलं, आमचं गाणं असं नव्हतं. अर्धा तास सेटिंग उलटसुलट केल्यावर त्याच यादीत 'डेंडी' असा पर्याय दिसला. डेंडी हा रशियातला क्लोन, म्हणजे निन्टेन्डोच्या मशीनची नक्कल. पाल टीव्हीच्या देशांसाठी जे क्लोन बनायचे त्यात चित्रं ५० असायची पण चिपचा वेग अमेरिकेच्या मशीनच्या अगदी जवळ ठेवलेला, १.७७ मेगाहर्ट्झ, अमेरिकेत १.७९. निन्टेन्डोच्या खऱ्या पाल मशीनमध्ये मात्र १.६६. स्वर चिपच्या वेगावर ठरतो, ताल चित्रांवर. म्हणून क्लोनमध्ये ताल हळू आणि स्वर जवळपास जागेवर. आमचा लाल-पांढरा डबा क्लोनच होता.

मोजून बघितलं. पहिल्या लेव्हलला मारिओला हलवायचं नाही, नुसतं उभं ठेवायचं, पहिला शत्रू तुम्ही पुढे गेल्याशिवाय येतच नाही, आणि वर ४०० पासून वेळ उतरत राहते. एक आकडा उतरायला २४ चित्रं लागतात. फोनचं स्टॉपवॉच लावून बसले. नेहमीच्या सेटिंगला २ मिनिटं ४० सेकंदांत मारिओ मेला. डेंडीला ३ मिनिटं १२ सेकंद. हिशोबाने येतं तेच.

मग दादाला फोन लावला, मशीन फोनजवळ धरलं, काही न सांगता आधी साधं वाजवलं, मग डेंडी. साध्याला तो म्हणाला, हां, तेच ते, पळतंय. दुसऱ्याला काही बोललाच नाही, मग म्हणाला, "थांब, बंद करू नको." मी चालू ठेवलं. १०० उरल्यावर गाणं वेगवान होतं तिथपर्यंत ऐकलं त्याने.

याची एक किंमत आहे तीही लिहिते. या मशीनचा स्क्रीन ६० चाच आहे, त्यावर ५० चित्रं बसवली की ठरावीक अंतराने एक चित्र दोनदा दिसतं आणि पडदा सरकताना बारीक झटका जाणवतो. मला दिसतो. पण वेग आणि गाणं बरोबर असणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं, म्हणून ८-बिटच्या सगळ्या गेमना डेंडी ठेवलं आणि सेव्ह केलं. मुस्तफा, केओएफला हात लावला नाही.

९ ऑगस्ट, शनिवार (राखी)

सकाळी ओवाळलं, ताटात मशीन ठेवलं. दादाने पाकीट काढलं होतं ते हातातच राहिलं.

हात बरोबर बसतो. आडवं असल्यामुळे तळवे मोकळे. चष्मा न लावता वरचे आकडे वाचले, मी मुद्दाम वाचायला लावले.

दुपारी टीव्हीला जोडलं आणि दोन तास खटपट झाली. मिनी एचडीएमआय केबल २५०, यूएसबी हब २८०, दोन साधे यूएसबी रिमोट मिळून ७००. चित्र लगेच आलं, पण कॉन्ट्रात पहिला माणूस कुठल्याच रिमोटने हलेना आणि दुसरा दादाच्या रिमोटने हलतोय. कारण मशीनची स्वतःची बटणं पहिला खेळाडू धरली जातात, बाहेरचे रिमोट दुसरा आणि तिसरा. रेट्रोआर्क, म्हणजे हे सगळे कोअर चालवणारा प्रोग्राम, त्याच्या इनपुटमध्ये पहिल्या पोर्टचं डिव्हाइस बदलून बाहेरचा रिमोट दिला, दुसऱ्या पोर्टला दुसरा, तेव्हा जमलं. हे घरीच करून न्यायला हवं होतं, भाचा कंटाळून खेळायला निघून गेला.

मग उडी उशिरा लागतेय असं दोघांनाही वाटलं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड चालू केला, फरक लगेच पडला. टीव्ही चित्र गुळगुळीत करायला वेळ घेतो, तो बंद होतो.

कॉन्ट्राचा तीस जीवांचा कोड दादाच्या बोटांत अजून आहे. वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. दोघांसाठी असेल तर स्टार्टच्या आधी सिलेक्ट, ते मी विसरले होते, त्याने दाबलं. धबधब्याच्या लेव्हलला तो भराभर वर चढतो आणि मी खालच्या पडद्याबरोबर मरते, हे १९९६ लाही असंच होतं आणि तेव्हाही तो मागे वळून बघायचा नाही. आज तिसऱ्यांदा मेल्यावर थांबला. "ये वर, मी हाय हितंच."

१७ ऑगस्ट, रविवार

एकूण खर्च: पहिलं मशीन ३,१५०, चार्जिंग केबल १२०, दुसरं मशीन ७,६००, खोटं कार्ड ४८०, खरं कार्ड ६२०, रिमोट ७००, हब २८०, एचडीएमआय केबल २५०. बेरीज १३,२००. यातले ३,६३० पहिल्या मशीनचे आणि खोट्या कार्डाचे. चुका वगळल्या तरी ९,५७० होतात, मुख्यतः टीव्हीचं सामान मी बजेटमध्ये धरलंच नव्हतं म्हणून.

पहिलं मशीन भाच्याकडे आहे. त्याचे हात लहान, त्याला उभंच बरं पडतं.

दादाचा काल फोन होता, मुस्तफा अर्ध्यात सोडला तर परत पहिल्यापासून सुरू होतो. मी बंद करताना आपोआप सेव्ह होणं फक्त ८-बिटला लावलं होतं, आर्केडला राहिलं. फोनवर सांगून सेटिंग करून घेतलं, वीस मिनिटं लागली, झालं. बदकं मारायचा गेमही पाहिजे म्हणतो. ती बंदूक जुन्या डब्बा टीव्हीच्या चमकेवर चालायची, या स्क्रीनवर चालत नाही, आणि आमचा जुना टीव्ही माळ्यावर अजून आहे असं आई म्हणते. गणपतीत गेले की माळा बघणार.